माथेफिरू, मशीनगन आणि मॅगझिन

अमेरिकेत गोळीबार झाला की आपल्याकडची बातमी साच्यातून काढल्यासारखी येते. ‘माथेफिरूचा अंदाधुंद गोळीबार’, मग ‘स्वयंचलित रायफलीतून’ किंवा सरळ ‘मशीनगनने’, आणि शेपटाला ‘या वर्षातली अमुकशेवी घटना’. यातला एकेक तुकडा तपासायला घेतला की बराचसा गळून पडतो. खाली कमेंटमध्ये मात्र ‘बंदुकाच बंद करा’ विरुद्ध ‘दोष माणसाचा, बंदुकीचा नाही’ अशी कुस्ती लागलेली असते. माझं मत आधीच सांगून टाकतो: बंदूक कुठल्या नावाची यावर जेवढी डोकी फुटतात, त्याच्या निम्मी जरी तिच्या मॅगझिनवर, म्हणजे गोळ्या भरून बंदुकीला लावायच्या डबीवर, आणि विकताना भरायच्या फॉर्मवर फुटली असती, तर काही माणसं वाचली असती.

आधी मोजणी. २०२३ हे एकच वर्ष घ्या. अशा घटनांची नोंद ठेवणाऱ्या ‘गन व्हायोलन्स आर्काइव्ह’च्या हिशेबाने त्या वर्षी साडेसहाशेहून जास्त मास शूटिंग झाली. एफबीआयच्या ‘अ‍ॅक्टिव्ह शूटर’ यादीत ४८ घटना आहेत. मदर जोन्स मासिकाच्या यादीत १२. खोटं कोणीच बोलत नाही, चाळणी वेगवेगळी आहे. आर्काइव्हला हल्लेखोर सोडून चार जणांना गोळी लागलेली पुरते. मेले का वाचले, घर का रस्ता, टोळीचं भांडण का आणखी काही, याच्याशी देणंघेणं नाही. एफबीआय बघते की वर्दळीच्या जागी कोणी लोकांना मारत सुटलंय का; टोळीयुद्ध आणि घरगुती भांडणं बाजूला, पण मृतांच्या संख्येची अट नाही. मदर जोन्सला सार्वजनिक जागा हवी आणि किमान तीन मृत्यू. पूर्वी चार धरायचे, २०१३ च्या केंद्रीय कायद्यात ‘मास किलिंग’ची व्याख्या तीन मृत्यू अशी आली तेव्हापासून तीन.

१४ फेब्रुवारी २०२४ चं उदाहरण बघा. सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकल्याची मिरवणूक संपत होती, कॅन्सस सिटीच्या युनियन स्टेशनबाहेर बाचाबाची झाली आणि गर्दीत गोळ्या सुटल्या. एका बाईचा जीव गेला, वीसहून जास्त लोकांना गोळ्या लागल्या, त्यांत पोरंही बरीच. ही घटना पहिल्या यादीत आहे, तिसरीत नाही, कारण मृत्यू एकच. पहिल्या यादीतला मोठा भाग असाच असतो: शनिवारची रात्र, पार्टी, बारचा पार्किंग लॉट, कोणीतरी कोणाला तरी काहीतरी बोललं आणि दोन्ही बाजूंच्या कमरेला पिस्तूल. यात माथेफिरू कुठे आहे?

आणि ज्या घटनांना तो शब्द शोभेल असं वाटतं, त्यांतही माथं फिरण्यापेक्षा तयारीच जास्त दिसते. लास व्हेगासमध्ये १ ऑक्टोबर २०१७ ला हॉटेलच्या खिडकीतून खालच्या मैदानातल्या संगीत महोत्सवावर गोळ्या झाडणाऱ्या हल्लेखोराने त्याआधी वर्षभरात पन्नासहून जास्त बंदुका घेतल्या, बहुतेक रायफली, दुकानांतून, कायदेशीर. घंटा का वाजली नाही? पाच कामकाजाच्या दिवसांत एकाच गिऱ्हाईकाने दोन पिस्तुलं घेतली तर दुकानदाराला सरकारला कळवावं लागतं. तशाच रायफली घेतल्या तर फक्त टेक्सास, न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोना आणि कॅलिफोर्नियात कळवावं लागतं, कारण तो नियम मेक्सिकोत जाणाऱ्या बंदुकांसाठी केलेला. नेवाडा त्यात नाही.

एकूण चित्रात हे सगळं किती? २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या, २०,९५८ खून. आर्काइव्हची सैल व्याख्या धरली तरी मास शूटिंगचे बळी यात दीड टक्क्याच्या आसपास भरतात. म्हणून हा विषय फालतू आहे असं नाही, पण ‘अमेरिकेतला बंदुकीचा प्रश्न’ म्हणजे शाळेत घुसलेला मुलगा असं डोक्यात बसलं असेल तर प्रश्नाचा फार मोठा भाग नजरेआड होतो.

बळींचा आकडाही कधी बंद होत नाही. लास व्हेगासचे ५८ म्हणून छापले गेले; दोन जखमी २०१९ आणि २०२० मध्ये गेले, आता ६० लिहितात. विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वाऱ्यात २०१२ मध्ये सहा जण मारले गेले. सातवे गृहस्थ गोळी लागल्यापासून अंथरुणाला खिळलेले होते, ते २०२० मध्ये गेले. कोलंबाइनच्या शाळेतलं हत्याकांड १९९९ चं. तिथे लुळी पडलेली एक विद्यार्थिनी २०२५ मध्ये वारली, मृत्यू खून म्हणून नोंदला गेला आणि तेराचे चौदा झाले. आणि ‘जखमी’ हा रकाना तर फारच फसवा आहे. घोटा मुरगळलेलाही जखमी आणि जन्मभर पोटाला पिशवी लावून फिरणाराही जखमी. लास व्हेगासच्या साडेआठशेहून जास्त जखमींपैकी गोळी किंवा तिचे तुकडे लागलेले चारशेच्या वर होते, बाकीचे पळापळीतले.

आता शस्त्र. एआर-१५ या रायफलीच्या नावातलं ‘एआर’ म्हणजे आर्मालाइट रायफल, कंपनीचं नाव. असॉल्ट रायफल नव्हे. ट्रिगर एकदा ओढला की एकच गोळी सुटते, ती सेमी-ऑटोमॅटिक; दुकानातली एआर-१५ अशीच. धरून ठेवला की सुटतच राहतात, ती ऑटोमॅटिक, म्हणजे कायद्याच्या भाषेत मशीनगन. मशीनगनवर १९३४ पासून नोंदणी आणि कर आहे आणि १९ मे १९८६ नंतर बनवलेली मशीनगन सामान्य नागरिकाला घेताच येत नाही. जुन्या नोंदलेल्या आहेत, पण त्यांच्या किमतीत मोटार येते. त्यामुळे बातमीतली मशीनगन जवळपास कधीच मशीनगन नसते.

लास व्हेगासचा आवाज ऐकून तसं वाटलं ते बंप स्टॉकमुळे, म्हणजे रायफलीला बसवायच्या सरकत्या दस्त्यामुळे. रायफलीचा धक्काच ट्रिगरवर पुन्हा बोट आदळवतो आणि दहा-अकरा मिनिटांत हजारावर गोळ्या जातात. सरकारने बंदी घातली, ती २०१९ मध्ये लागू झाली, आणि जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने उडवली: प्रत्येक गोळीला ट्रिगर वेगळा ओढला जातो, सबब ही मशीनगन नाही. शब्दांच्या हिशेबाने निकाल बरोबरही असेल. खाली मैदानात उभ्या असलेल्यांना त्या फरकाचं काय, हे कोर्टापुढे आलेलंच नव्हतं. उलट आता पिस्तुलाला बसणाऱ्या नाण्याएवढ्या बेकायदा तुकड्याने खरोखरच मशीनगन रस्त्यावर आली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये बर्मिंगहॅम, अलाबामा इथे एका लाउंजबाहेर चार मेले, सतरा जखमी झाले. शंभरावर पुंगळ्या सापडल्या आणि पोलिसांना संशय याच तुकड्याचा.

मारणारं हत्यार मुख्यतः पिस्तूलच. एफबीआयच्या २०१९ च्या तक्त्यात पिस्तूल-रिव्हॉल्व्हरने ६,३६८ खून, सगळ्या प्रकारच्या रायफलींनी मिळून ३६४. (प्रकारच न लिहिलेले तीन हजारांवर वेगळे, त्यामुळे गुणोत्तर तंतोतंत धरू नका.) मास शूटिंगमध्येही तेच. पण जिथे खूप माणसं मेली त्यांतली ही नावं काढा: लास व्हेगास ६०, ऑरलँडो ४९, सँडी हूक शाळेत २६, सदरलँड स्प्रिंग्जचं चर्च २६, युव्हाल्डीच्या शाळेत २१. या सगळ्या ठिकाणी एआर किंवा तिच्या जातीची रायफल (पिस्तुलांनी ३२ मृत्यूंचा व्हर्जिनिया टेकचा मोठा अपवाद पुढे येतो). कारण साधं आहे. पिस्तुलाची नऊ मिलिमीटरची गोळी साडेसात ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला साडेतीनशे मीटर. एआरची गोळी त्याच्या निम्म्या वजनाची, पण वेग नऊशेच्या वर. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून हलकी गोळीसुद्धा तिप्पट ऊर्जा घेऊन येते. पिस्तुलाची गोळी यकृतातून गेली तर बहुधा वाटेपुरतं भोक पडतं, सर्जनला काही करता येतं. रायफलीच्या गोळीच्या वाटेभोवतीचं मांस क्षणभर फुगून फाटतं आणि शिवायला काही उरत नाही. लहान मुलाच्या अंगात तर अवयव एकमेकांना खेटूनच असतात.

तरीही रायफलीचं नाव धरून केलेली बंदी फसते, आणि हे एकदा झालेलं आहे. १३ सप्टेंबर १९९४ ते १३ सप्टेंबर २००४ अशी दहा वर्षं ‘असॉल्ट वेपन’ बंदी होती. काही मॉडेलं नावाने बंद, बाकीच्यांची ओळख अवयवांवरून: काढता येणारं मॅगझिन आणि शिवाय पिस्तुलासारखी मूठ, दुमडणारा दस्ता, संगीन लावायचा खुंटा, नळीच्या तोंडाशी ज्वाळा झाकणारा तुकडा यांपैकी दोन असतील तर बंदी. कंपन्यांनी खुंटा आणि तोंडाचा तुकडा काढला, मूठ तशीच ठेवली आणि तीच रायफल विकली. संगीन खुपसून कोण कुठे मास शूटिंग करतं? त्याच कायद्यातलं दुसरं कलम कामाचं होतं: दहापेक्षा जास्त गोळ्यांचं नवं मॅगझिन विकायचं नाही. पण आधीची लाखो मॅगझिनं कायदेशीरच राहिली. मॅगझिन म्हणजे स्प्रिंग घातलेली डबी, ती पन्नास वर्षंही टिकते.

मॅगझिनवर एवढा जोर का, ते अ‍ॅरिझोनातल्या टूसानमध्ये दिसलं. ८ जानेवारी २०११, सुपरमार्केटच्या बाहेर खासदार गॅबी गिफर्ड्स लोकांना भेटत होत्या. पिस्तूल साधं ग्लॉक १९, एरवी पंधरा गोळ्यांचं. हल्लेखोराकडे तेहेतीसचं लांब मॅगझिन. काही सेकंदांत ते रिकामं झालं, सहा मेले, तेरा जखमी. दुसरं लावायला गेला तेव्हा एका बाईने ते हिसकलं आणि बाकीच्यांनी त्याला खाली दाबला. ओहायोतल्या डेटनला ऑगस्ट २०१९ मध्ये पोलीस पलीकडेच गस्तीला होते. पहिल्या गोळीपासून ३२ सेकंदांत त्यांनी हल्लेखोराला मारला. पोलिसांनी याहून चपळ काय असावं? पण हल्लेखोराकडे शंभर गोळ्यांचं ड्रम, म्हणजे गोल मॅगझिन, होतं, तेवढ्यात किमान ४१ गोळ्या सुटल्या, नऊ माणसं मेली. दहाच्या मॅगझिनने तेवढ्यासाठी चार वेळा थांबावं लागलं असतं.

याला उलट दाखलाही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. व्हर्जिनिया टेक विद्यापीठ, १६ एप्रिल २००७: दोन पिस्तुलं, दहा आणि पंधरा गोळ्यांची सतरा मॅगझिनं, वर्गांच्या इमारतीत १७४ गोळ्या, दिवसअखेर ३२ मृत्यू. त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगी होती. समोरचे लोक वर्गात कोंडलेले असतील तर मॅगझिन बदलायला सवडच सवड मिळते. मर्यादा घातली म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. उघड्या जागी ती काही सेकंद मिळवून देते, एवढंच. आणि ती राज्यागणिक बदलते. आपली इतकी माणसं राहतात त्या एडिसनमध्ये, न्यू जर्सीच्या कायद्याने, २०१८ पासून मर्यादा दहाची. डेलावेअर नदीचा पूल ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलात की मर्यादाच नाही.

आता फॉर्म. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेत नाव तपासतो, उत्तर येतं: द्या, देऊ नका, किंवा थांबा. ‘थांबा’ आलं आणि कामकाजाचे तीन दिवस उलटले तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. एप्रिल २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या हल्लेखोराला अशीच मिळाली. अमली पदार्थाच्या अटकेचा कागद वेगळ्याच कार्यालयाकडे होता, तपासणाऱ्याला तो सापडेपर्यंत तीन दिवस संपले. जूनमध्ये तिथल्या चर्चमध्ये नऊ जण मारले गेले. सदरलँड स्प्रिंग्जचा हल्लेखोर हवाई दलात असताना बायको आणि सावत्र मुलाला मारहाण केल्याबद्दल दोषी ठरलेला. हवाई दलाने ती नोंद एफबीआयला पाठवलीच नाही, यंत्रणा म्हणाली ‘द्या’. सरकारने २०२३ मध्ये १४ कोटी ४५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. आणि २०१९ चा टेक्सासमधल्या मिडलंड-ओडेसाचा हल्लेखोर तर तपासणीत नापास झालेला होता. त्याने रायफल खासगी माणसाकडून घेतली, कारण तशा विक्रीला केंद्रीय कायद्यात तपासणीच नाही.

वयाचं तर आणखी अजब. केंद्रीय कायद्याने दुकानातून पिस्तूल घ्यायला २१ पूर्ण लागतात, एआर घ्यायला १८. युव्हाल्डीच्या मुलाने अठरावा वाढदिवस होताच काही दिवसांत दोन घेतल्या. त्यानंतर २०२२ च्या कायद्याने २१ खालच्यांची जास्तीची तपासणी आणली, गरज पडल्यास दहा कामकाजाच्या दिवसांपर्यंत. वय मात्र तेच राहिलं.

युव्हाल्डीला ३७६ पोलीस जमले आणि ७७ मिनिटांनी वर्गात शिरले. हातापायाची मोठी रक्तवाहिनी फुटली तर माणूस पाच मिनिटांतही जाऊ शकतो, म्हणून तिकडे शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या आपल्या पोरांनी रक्तस्राव थांबवायला शिकवणारा ‘स्टॉप द ब्लीड’चा तास-दीड तासाचा वर्ग करून ठेवावा. टूर्निकेट (पिळून आवळायची पट्टी) फक्त हातापायाला: जखमेच्या दोन-तीन इंच वर, कोपर-गुडघ्याच्या सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत पिळायचं. प्रचंड दुखतं, ओरडतील, तरी पिळायचं. जांघ, काख, मानेचा बुंधा इथे ते बसत नाही. तिथे स्वच्छ कापड जखमेत खोलवर कोंबून दोन्ही हातांनी दाबून धरायचं, उचलून बघायचं नाही. छाती-पोटाला यातलं काहीच चालत नाही, तो पेशंट सगळ्यात आधी गाडीत. टूर्निकेट बांधल्याची वेळ पट्टीवर लिहायची आणि हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सैल करायची नाही.