दापोडीचा डॉक्टर गिब्सन आणि आपली झाडं

पुण्यात रस्त्यासाठी नाहीतर नदीकाठच्या प्रकल्पासाठी झाडं तोडायची वेळ आली की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलेला वाद सुरू होतो. एक काका म्हणतात इंग्रज होते म्हणून जंगलं तरी उरली, दुसरे म्हणतात सागवान तोडून जहाजं त्यांनीच बांधली, त्यांचं कौतुक कसलं करता. यावेळी त्यात मुंबई इलाख्याची जंगलं सांभाळणाऱ्या अलेक्झांडर गिब्सनचं नाव आलं आणि मला राहवलं नाही, कारण मी स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला राहते आणि हा माणूस इथेच डॉक्टरकी शिकून आपल्याकडे आला होता.

1800 सालचा जन्म, किनकार्डिनशायरचा, कंपनी सरकारचा सर्जन. त्या काळी औषधं म्हणजे मुख्यतः झाडपालाच, त्यामुळे एडिंबरोत मेडिकल करणाऱ्याला वनस्पतीशास्त्र यावंच लागायचं, म्हणूनच त्या पिढीतले कितीतरी स्कॉटिश सर्जन हिंदुस्थानात येऊन झाडांच्या मागे लागले. गिब्सनला दख्खन आणि खानदेशात देवीच्या लसीकरणाचं काम मिळालं, म्हणजे गावोगाव फिरणं आलं, आणि माझ्या मते त्याचं खरं शिक्षण तिथे झालं. ऑफिसात बसलेल्या साहेबाला घाटातला ओढा कुठल्या महिन्यात आटतो हे कळत नाही, वाडीवाडीत लस टोचत फिरणाऱ्याला कळतं.

1838 साली तो दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख झाला. हो, आपलं लोकलवालं दापोडी, आज जिथे एसटीचं वर्कशॉप आहे ते! तिथे तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला होता आणि त्याला लागून ही बाग, आणि जुन्नरजवळ हिवऱ्याला तिची शाखा. 1847 ला तो मुंबई इलाख्याचा पहिला जंगल कॉन्झर्व्हेटर, म्हणजे जंगलांचा प्रमुख सरकारी अधिकारी झाला आणि 1860 पर्यंत त्या जागेवर राहिला. कोकणात डोंगर उघडे पडले की झरे आटतात, माती वाहून खाड्या गाळाने भरतात, हे तो सरकारला कळवत होता, पावणेदोनशे वर्षांपूर्वी. आज आपण हेच नव्याने सापडल्यासारखं बोलतो.

इथपर्यंत ऐकलं की पहिले काका खूश होतात. पण त्याच गिब्सनने डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीला, कुमरीला, कडाडून विरोध केला. ती करणारी माणसं गरीब, डोंगरातली, त्यांच्याकडे दुसरी जमीन नव्हती. जंगल सरकारचं आणि तिथला माणूस घुसखोर ही समजूत त्या काळात सरकारी कागदावर पक्की होत गेली, पुढे 1878 च्या जंगल कायद्याने तिच्यावर शिक्का मारला, आणि आदिवासींना आपला हक्क कागदावर मिळायला वनहक्क कायद्याचं 2006 साल उजाडावं लागलं. झरे वाचवायची कळकळ आणि माणसं हुसकवायची घाई एकाच टेबलावरून आली, हे दोन्ही एकत्र धरून ठेवायला आपण तयार नाही, हे मला खरंच खटकतं.

आणि ही कळकळ घेऊन आलेला माणूस ज्या देशाचा, तिथे काय होतं? स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, हायलँड्समध्ये, मेंढ्यांसाठी गावंच्या गावं उठवली जात होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडच्या जेमतेम 5 टक्के जमिनीवर जंगल उरलं होतं, आज ते 19 टक्क्यांच्या आसपास आहे, त्यातलं बरंचसं बाहेरून आणलेल्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचं. म्हणजे इकडे सगळं छान आणि आपल्याकडे सगळं वाईट असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. पण इथल्या लोकांनी एक केलं, जमीन कोणाची हा प्रश्न सोडला नाही. इथल्या एग नावाच्या बेटावरच्या लोकांनी 1997 साली अख्खं बेट मालकाकडून विकत घेतलं, त्यानंतर गावांना अशी जमीन विकत घेता यावी म्हणून 2003 चा जमीन सुधारणा कायदा आला. आपल्याकडे गडचिरोलीत मेंढा-लेखा या गावाने 2009 साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, हे काम त्याच तोलाचं आहे, आणि ग्रुपवर वाद घालणाऱ्यांपैकी एकालाही ते नाव माहीत नव्हतं. याचं मला गिब्सनपेक्षा जास्त वाईट वाटलं.

इतिहासाच्या भांडणाबद्दल पण सांगते. इथे सेंट अँड्र्यू स्क्वेअरमध्ये हेन्री डंडास या जुन्या स्कॉटिश राजकारण्याच्या स्मारकाचा उंच खांब आहे, गुलामांचा व्यापार बंद व्हायला उशीर झाला त्यात त्याचा हात होता असं सांगणारी पाटी तिथे 2021 साली लावली. त्या पाटीच्या शब्दांवरून इतिहासकारांची जाहीर भांडणं झाली, पाटी काढली गेली, परत लागली. कटुता खूप झाली, पण लोकांना मूळ कागद उघडून वाचावे लागले. आपल्याकडे भांडण होतं, कागद मात्र कोणी उघडत नाही.

गिब्सनच्या बाबतीत कागद आहेत! दापोडीच्या बागेतल्या झाडांची पावणेदोनशेच्या आसपास रंगीत चित्रं त्याने काढून घेतली होती, ती इथल्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढंच सांगतात, नाव कुठेच लिहिलेलं नाही. 1861 साली डॅल्झेल या वनस्पतीशास्त्रज्ञाबरोबर लिहिलेल्या बॉम्बे फ्लोरा या मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींच्या पुस्तकावर गिब्सनचं नाव छापलं गेलं, त्या चित्रांतलं पान न् पान रंगवणाऱ्याचं राहून गेलं. रानातून फांद्या तोडून आणणाऱ्यांची नावं तर कोण लिहिणार होतं.

बाग 1860 च्या दशकात बंद झाली, गव्हर्नरचा मुक्काम गणेशखिंडीत हलला, तिथे आता विद्यापीठ आहे. त्याच गणेशखिंड रोडची झाडं अलीकडे रुंदीकरणात गेली, 2023 मध्ये नदीकाठच्या झाडांसाठी पुणेकरांनी चिपको केलं. त्या मोर्च्यातल्या लोकांच्या हातात गिब्सनचे झऱ्यांबद्दलचे रिपोर्ट असते तर मला आवडलं असतं, मराठीत, आणि त्याच पुस्तिकेत कुमरीवाल्यांची बाजूही. चित्रांच्या चांगल्या प्रती पुण्यात मांडायला काय लागतं? एक विद्यापीठ, एक महापालिका आणि इथल्या गार्डनला एक पत्र. प्रदर्शन दापोडीतच करा, कुठल्या एसी हॉलमध्ये नको, आणि प्रत्येक चित्राखाली चित्रकाराच्या नावाची जागा मोकळी सोडा.