खुलासा: चिलापी हा 'प्लास्टिकचा मासा' नाही

'चिलापी (तिलापिया) प्रयोगशाळेत बनवलेला, बिनकाट्याचा मासा आहे, खाऊ नका' असा मेसेज पुन्हा फिरतोय. तो चुकीचा आहे.

चिलापी मूळची आफ्रिकेतली. भारतात ती 1952 साली आणली गेली आणि आज उजनीच्या पाण्यात भरपूर सापडते. मादी अंडी तोंडात धरून उबवते, पिल्लंही काही दिवस तोंडातच सांभाळते. एवढी जपणूक असल्यामुळेही ती इतकी पसरली. यामुळे स्थानिक माशांवर ताण येतो. ही तक्रार मात्र खरी आहे, पण म्हणून ती खाऊ नये असं होत नाही. उलट, पकडून खाल्लेलीच बरी!

'बिनकाट्याची' म्हणणाऱ्याने ती कधी साफच केलेली नाही. पाठीवरचा काटेरी पर हाताला सपकन लागतो, गळावरून काढताना तो मागे दाबून धरावा. गळाला कणकेची गोळी किंवा गांडूळ पुरतं.

प्रयोगशाळेचा गैरसमज 'गिफ्ट' जातीमुळे झाला असावा. तिच्या इंग्रजी नावात 'जेनेटिकली इम्प्रूव्ड' हे शब्द आहेत. प्रत्यक्षात 1988 पासून फिलिपिन्समध्ये चांगल्या वाढीचे मासे निवडून, पिढ्यान्‌पिढ्या पैदास करून ती तयार झाली. जनुकं बाहेरून घातलेली नाहीत.

चिखलाचा वास कधीकधी येतो, हे मान्य. मीठ-हळद चोळून, चिंचेच्या कोळात अर्धा तास ठेवा, मग लसूण-मिरचीचं वाटण लावून तव्यावर कुरकुरीत तळा. गढूळ, सांडपाण्याच्या नाल्यातली मात्र घेऊ नका, मग मासा कुठलाही असो.