स्लीप वाढवून अडकलेली स्क्रिप्ट सुटत नाही

सोलापुरात चादरी-टॉवेलच्या कारखान्यांचे सर्व्हर आणि स्विच सांभाळणाऱ्या आम्हा मंडळींत एक मेसेज वर्षभर फिरतोय. ‘रिमोट लॉगिनची एक्सपेक्ट स्क्रिप्ट अडकते? रामबाण उपाय.’ एक्सपेक्ट म्हणजे माणसाऐवजी दुसऱ्या मशीनवर लॉगिन करून आज्ञा टाइप करणारं अवजार. उपाय चार. प्रत्येक ओळीनंतर स्लीप, म्हणजे ठरावीक सेकंदांचा थांबा, टाका, तरी अडकली तर स्लीप वाढवा. टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, उणे एक करा. होस्ट-कीची, म्हणजे सर्व्हरच्या ओळख-किल्लीची, तपासणी बंद करा. आणि हाताने चालते पण क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) चालत नाही, असं असेल तर नाद सोडा, क्रॉनला टर्मिनलच, म्हणजे कळफलक-पडदाच, नसतं. शेवटी ‘शंभर टक्के चालतं’ आणि हात जोडलेली तीन चित्रं.

यातले पहिले दोन उपाय मी स्वतः करून तोंडावर आपटलोय, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजतो.

आधी स्लीप, कारण सगळ्यात जास्त वेळ यानेच खाल्लाय. एक्सपेक्ट काय करतं? डॉन लिब्स यांनी 1990च्या सुमारास अमेरिकेतल्या निस्ट या मानक संस्थेत हे अवजार टीसीएल भाषेवर उभं केलं. ते एक खोटं टर्मिनल तयार करतं आणि त्यात एसएसएच किंवा टेलनेट, म्हणजे दुसऱ्या मशीनवर लॉगिन करणारे प्रोग्रॅम, सुरू करतं. एसएसएचला वाटतं की समोर माणूस बसलाय. पासवर्ड ते थेट टर्मिनलकडे मागतं, म्हणून इकोने पाइपमधून, म्हणजे टर्मिनल टाळून, पासवर्ड ढकलला तर ढुंकूनही बघत नाही. पुढचा सगळा मामला संवादाचा: समोरून अमुक अक्षरं आली की तमुक पाठव. ती अक्षरं आलीच नाहीत तर तुम्ही 2 सेकंद थांबा नाहीतर 20, उत्तर तेच.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून रोज रात्री बॅकअप आणणारी माझी स्क्रिप्ट होती. प्रॉम्प्टची, म्हणजे ‘आता आज्ञा द्या’ सांगणाऱ्या चिन्हाची, खूण म्हणून मी नुसतं # ठेवलं होतं. कुणीतरी लॉगिनच्या सूचनेभोवती ##### अशी चौकट काढली आणि स्क्रिप्टला पहिल्या चौकटीतच प्रॉम्प्ट ‘सापडला’. पुढच्या आज्ञा हवेत. मग मी शहाणपणा केला: रेगेक्स (अक्षरांचा नमुना) लावून # आणि एक मोकळी जागा अगदी शेवटी असेल तरच मान, असं लिहिलं. महिनाभर छान चाललं. नंतर नवा सर्व्हर आला आणि स्क्रिप्ट पुन्हा ठप्प. पडद्यावर प्रॉम्प्ट दिसतोय, शेवटी # आहे, जागा आहे, तरी जुळत नाही. आमच्याकडचा पोरगा तोवर मेसेज वाचून कामाला लागला होता.

‘अण्णा, स्लीप 30 केलं तरी अडकतंय.’

‘स्लीप काढ आधी सगळे. उणे डी लावून चालव आणि काय दिसतं ते वाच.’

उणे डी हा पर्याय लावला की एक्सपेक्ट आपल्या मनातलं बोलून दाखवतं: मला एवढा मजकूर आला, तो या नमुन्याशी जुळतो का? नाही. त्या ‘नाही’च्या वरच्या ओळीत # आणि जागेच्या पुढे चौकटी कंसासारखं काहीतरी, शून्य आणि एम असं शेपूट दिसलं. प्रॉम्प्ट रंगीत होता. रंग बंद करण्याचा गुप्त संकेत जागेच्या नंतर येत होता. माणसाच्या डोळ्याला तो दिसत नाही, पण स्क्रिप्टच्या लेखी ओळीचा शेवट तिथे नव्हताच. एसएसएच सुरू करणाऱ्या स्पॉन आज्ञेच्या आधी, टर्मिनलचा प्रकार सांगणारा टर्म हा चल ‘डम्ब’ केला, रंग गेले, काम झालं. 30 सेकंदांच्या स्लीपने त्या शेपटाचं काय वाकडं होणार होतं?

याहून पक्का मार्ग म्हणजे लॉगिन झाल्यावर आपणच प्रॉम्प्ट बदलायचा आणि त्याचीच वाट बघायची. त्यातही एक खोच आहे. ‘तयार>’ असा प्रॉम्प्ट ठेवायची आज्ञा पाठवली की समोरचं शेल (आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) ती आज्ञा आधी जशीच्या तशी परत दाखवतं, आणि एक्सपेक्ट त्या प्रतिध्वनीलाच प्रॉम्प्ट समजून पुढे पळतं. म्हणून शब्द मधे दोन अवतरणचिन्हं घालून तोडून लिहायचा. शेल तो जोडतं, प्रतिध्वनीत तो तुटकाच राहतो.

स्लीपने कधीच फरक पडत नाही, असंही म्हणणार नाही. जुने स्विच आणि सिरियल कन्सोल तयार व्हायच्या आत आलेली अक्षरं टाकून देतात. तिथे प्रॉम्प्टची वाट बघणं हाच इलाज, आणि तरी अक्षरं गळत असतील तर अक्षरं पाठवणाऱ्या सेंड आज्ञेला हळू टाइप करायला सांगता येतं, त्याचा पर्याय उणे एस. एंटर म्हणून बॅकस्लॅश एन नको, बॅकस्लॅश आर पाठवा. कळ तेच पाठवते.

आता टाइमआउट. मुळात तो 10 सेकंदांचा असतो, आणि खरी गोम अशी की वेळ संपल्यावर काय करायचं हे लिहिलं नसेल तर एक्सपेक्ट चूक दाखवत नाही, गपचूप पुढच्या ओळीवर जातं. पासवर्ड विचारायच्या आत पासवर्ड पाठवणं, हे असं घडतं. म्हणून लोक वैतागून उणे एक करतात, म्हणजे जन्मभर वाट बघ. उन्हाळ्यात एका रात्री कारखान्याची वीज गेली आणि पलीकडचा राउटर मेला. इकडच्या स्क्रिप्टला कुणी सांगितलंच नाही. दुसऱ्या रात्री क्रॉनने तिची बहीण सुरू केली, तिसऱ्या रात्री तिसरी. आठवड्याने मी बघितलं तर सात जणी रांगेत बसलेल्या, आणि बॅकअप एकही नाही. टाइमआउटची आणि ईओएफची (जोडणी बंद झाल्याची) फांदी प्रत्येक ठिकाणी लिहा, तिथे कुठे अडकलं ते छापा आणि चुकीचा कोड देऊन बाहेर पडा. एसएसएचला सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल 15 द्या, म्हणजे पलीकडे शांतता असेल तर ते दर 15 सेकंदांनी हाक मारतं. 3 हाकांना उत्तर आलं नाही की जोडणी तुटते.

होस्ट-कीची तपासणी बंद करण्याच्या सल्ल्यात धोका आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तरी करतात. पण गंमत अशी की ज्या दुखण्यासाठी तो दिला जातो त्यावर तो लागूच पडत नाही. सर्व्हर नव्याने बसवला, होस्ट-की बदलली, आणि तपासणी ‘नो’ आहे. अशा वेळी ओपनएसएसएच जोडणी करतं, पण मधे कुणीतरी घुसून बसल्याचा धोका म्हणून पासवर्डने लॉगिन बंद ठेवतं. म्हणजे पासवर्डच्या प्रश्नाची वाट बघणारी तुमची स्क्रिप्ट अजूनही तिथेच. मग लोक ओळखीच्या सर्व्हरांची यादीच कचऱ्यात वळवतात आणि जो कोणी उत्तर देईल त्याच्या हाती पासवर्ड देतात. सर्व्हरजवळ जाऊन किंवा तिथल्या माणसाला फोन करून होस्ट-कीचा ठसा (फिंगरप्रिंट) जुळवायला पाच मिनिटं लागतात. मग एसएसएच-कीजेन उणे मोठा आर, जुनी नोंद गेली.

पहिल्यांदाच जोडताना येणारा ‘येस की नो’चा प्रश्नही नव्या आवृत्त्यांत बदललाय, त्यात चौकटी कंसात फिंगरप्रिंट हा शब्द आलाय. तो प्रश्न जसाच्या तसा दुहेरी अवतरणांत चिकटवला तर टीसीएल कंसातल्या शब्दाला आज्ञा समजतं आणि ‘अशी आज्ञा नाही’ म्हणून ओरडतं. ‘कंटिन्यू कनेक्टिंग’ एवढाच तुकडा पकडा.

क्रॉनला टर्मिनल नसतं, हे खरं. पण एक्सपेक्ट स्वतःचं टर्मिनल घेऊन येतं, तेच तर त्याचं काम. फक्त संवाद माणसाच्या हाती देणारी इंटरॅक्ट ही आज्ञा तिथे ठेवू नका, कळफलकावर कुणी नसतं. बहुतेक वेळा घडतं ते असं: हाताने चालवताना तुम्ही स्वतःच्या नावाने असता, क्रॉनमध्ये रूट (मुख्य प्रशासक). रूटच्या ओळखीच्या यादीत तो सर्व्हर नाही, म्हणून ‘येस की नो’ विचारलं जातं, जे तुम्हाला कधी विचारलंच नव्हतं. ज्या नावाने क्रॉन चालतो त्याच नावाने एकदा हाताने चालवा, प्रश्न समोर दिसेल.

लिनक्सवरून लिनक्सवर जायचं असेल तर एक्सपेक्ट हवंच कशाला? की-जोडी (पासवर्डऐवजी चालणाऱ्या दोन किल्ल्या) करा, काही विचारूच नको असं सांगणारा बॅचमोड लावा, पासवर्डचा विषयच संपतो. माझ्याकडे आता एक्सपेक्ट उरलंय ते फक्त दोन जुन्या स्विचसाठी, ज्यांना टेलनेटशिवाय काही कळत नाही.

आणि उणे डीचं आउटपुट मदतीसाठी ग्रुपवर टाकणार असाल तर आधी नीट बघा. ‘सेंड: सेंडिंग’ने सुरू होणाऱ्या ओळीत तुमचा पासवर्ड अक्षरशः जसाच्या तसा असतो. आमच्या पोराने टाकला होता. रात्री साडेदहाला नऊ कारखान्यांचे पासवर्ड बदलत बसलो.