केळीच्या चिकाचा डाग

परवा संध्याकाळी फैजपूरला दिनू टेलरच्या दुकानासमोरच्या ओट्यावर आम्ही नेहमीचेच बसलो होतो. गोकुळ आला तो पांढऱ्याशुभ्र शर्टात. इस्त्रीची घडी मोडलेली नाही, दाढी गुळगुळीत. गोकुळ केळी कापणीच्या टोळीत आहे. वीस वर्षं आम्ही त्याला एकाच अवतारात पाहत आलोय.

"काय भो, कोनाचं लग्न हाये?" भूषणने विचारलं.

"लग्न नही. असाच घातला."

खोदून विचारल्यावर निघालं. मागच्या आठवड्यात ट्रक भरून झाला आणि तो तसाच बँकेत गेला. खिडकीवरच्या माणसाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, "जरा बाजूला उभे राहा" म्हणाला आणि मागून आलेल्या तिघांची कामं आधी केली. गोकुळ काही बोलला नाही. घरी येऊन त्याने पेटीतला शर्ट काढला.

ज्यांनी केळीच्या चिकाचा डाग पाहिला नाही, त्यांना हे कळणार नाही. घड कापला की दांड्यातून पाण्यासारखा चीक गळतो. अंगावर पडतो तेव्हा दिसतही नाही. हवा लागली की त्यातलं टॅनिन तपकिरी, मग काळं पडतं आणि कापसाच्या धाग्यात कायमचं बसतं. साबण, सोडा, लिंबू, सगळं करून झालंय. गोकुळच्या कामाच्या शर्टाचा उजवा खांदा पाहा, जिथे तो घड घेतो. तिथून पाठीवर काळे ओघळ उतरलेत. कपडा धुतलेला असतो हो! रोज त्याची बायको आपटून धुते. पाहणाऱ्याला मात्र तो मळकाच वाटतो.

आप्पा तापले. आप्पा निवृत्त मास्तर, जन्मभर खादी. "कपड्यावरून माणूस जोखनारा तो नालायक. तू कायले बदलतो? गांधीजींनी १९२१ साली मदुराईला सदरा-टोपी टाकली, पंचा नेसला. त्याच पंच्यात ते १९३६ ले आपल्या फैजपूरले आले. खेड्यातलं पहिलं काँग्रेस अधिवेशन! त्यांना कोनी बाजूले उभं केलं का?"

"आप्पा, त्यांनी सदरा सोडला, कारण त्यांच्याकडे सोडायला सदरा होता," दिनू मशीनवरूनच म्हणाला. "याने डाग कुठी निवडला?"

मला हे पटलं आणि अजून पटतंय. साधेपणा हा निवडणाऱ्याचा दागिना. ज्याच्या वाट्याला तो पोटापाण्यापायी आला, त्याला तोच मिरव म्हणणं सोपं आहे.

दिनूने मग महाडचा विषय काढला. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी तिथे जमलेल्या बायकांना सांगितलं होतं की लुगडं नेसायची रीत आणि गळ्यातले-हातातले ते जड दागिने तुमच्या अस्पृश्यपणाची खूण झालेत, ते बदला. बायकांनी त्याच मुक्कामात लुगडी वेगळी नेसली. "आता ते नटनं होतं का?" दिनूने विचारलं.

आप्पा गप्प झाले, पण हरले नाहीत. "मंग त्या बँकवाल्याले कोन सुधरवनार? सगळ्यांनी इस्त्री केली, तर तो उद्या बिनइस्त्रीवाल्याले हाकलेल."

यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही याच ओट्यावर पेढे खाल्ले होते. ती केळी ज्याच्या खांद्यावरून उतरते, त्याला मान द्यायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्याही नाही. आम्हीच तर त्याच्याकडे पाहून "लग्न हाये का" म्हणालो. मजुराने नीटनेटकं राहायला लग्नाचंच निमित्त लागतं, हे आम्हीही धरूनच चाललो होतो की.

भूषण म्हणाला, "मान-बिन ठीक हाये, पन दाढी, क्रीम हे पोरींचे लाड." तेव्हा गोकुळने पहिल्यांदा आवाज चढवला. चप्पल काढून त्याने टाच वर केली. भेगा इतक्या खोल, की त्यात माती बसलेली.

"चार महिने झाले. बागात वल्यात उभा राह्यतो, रात्री ठनकते. याले तेल लावलं तं ते बी लाड का?"

भूषणने टाचेकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

दिनूने न बोलता टेप उचलला, गोकुळला उभं केलं आणि उजव्या खांद्याचं माप घेतलं. कामाच्या शर्टाला तिथे वरून दुहेरी, गडद कापड लावून देतो म्हणाला. वेगळं काढून धुता येईल असं, बटणावर. पांढरा शर्ट मग फक्त संध्याकाळचा.

"पैसे?"

"कापड तुझं आन, शिलाई पाहू."

उठताना भूषण माझ्याजवळ आला. हळूच विचारलं, "ते भेगांचं कोकम तेल कुठी भेटते रे? घट्ट वडी असते ते. आबाच्या पायाले बी तसंच झालंय."