मोदक खायचा का?

नववीतल्या एका मुलीने आमच्या चर्चच्या तरुण संघात विचारलं होतं, "ताई, मैत्रिणीकडे गणपती बसतो. तिची आई मोदक देते. खाल्ला तर पाप लागतं का?" मी तेव्हा नुकतीच संघ घ्यायला लागले होते. "नैवेद्य आहे तो, नाही खायचा," म्हटलं आणि पुढचं गीत काढलं. त्यानंतर तिने संघात कधी काही विचारलं नाही. मी समजले, पोरीला पटलं.

त्याला बारा वर्षं झाली.

आपल्या नगरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, पोरांचा विश्वास म्हणजे पाठांतर. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, प्रेषितांचा मतांगीकार (विश्वासाची कबुली) घडाघडा म्हणता आला की दृढीकरणाला, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याच्या विधीला, उभं करायचं. नवे कपडे, फोटो, जेवण. सहा महिन्यांनी तोच मुलगा मागच्या बाकावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला, आणि आपण वडीलधारे कपाळाला आठ्या घालून उभे.

दुसरं टोक मे महिन्यातल्या शिबिराचं. शेवटची रात्र, दिवे मंद, कीबोर्डवर हळू सूर, "ज्यांना आपलं जीवन प्रभूला द्यायचंय त्यांनी पुढे या." पोरं रडतात. काही खरंच हललेली असतात. काही शेजारचा उठला म्हणून उठतात, आणि दोन रात्री धड झोप नसते हेही आहेच. मी स्वतः पुढे आलेली डोकी मोजून वहीत आकडा लिहिलाय, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाही.

पण ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची गीतं गाणाऱ्या मंडळींनी त्यांचाच हिशोब बघावा. आगगाडीत एका प्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला १८९३ मध्ये, बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ ला. तिशी ओलांडलेल्या, शास्त्रं वाचलेल्या कवीला वाचण्यात आणि स्वतःशी झगडण्यात दोन वर्षं गेली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना आणखी पाचेक वर्षं लागली. आणि दहावीच्या पोराकडून आपल्याला निर्णय हवा शनिवारी रात्री, रविवारी दुपारी बस निघायच्या आत!

(आताच्या पोरांना टिळकांचं एक गीत तरी येतं का, हा वेगळा विषय. गिटारवर माझा राग नाही.)

येशूच्या त्या वयाची शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या त्याच्या चरित्रांत, एकच गोष्ट आहे. बारा वर्षांचा येशू आईबापांना तीन दिवसांनी सापडतो, तो मंदिरात गुरूंच्या मध्ये बसून त्यांचं ऐकत आणि त्यांना प्रश्न विचारत. शुभवर्तमान लिहिणारा लूक पुढे लिहितो की तो जे बोलला ते आईबापांना समजलंच नाही. तरी मरियेने ते सगळं मनात जपून ठेवलं. हे मला उशिरा दिसलं, मीच आई झाल्यावर.

तीन वर्षांपूर्वी मोदकाचा प्रश्न पुन्हा आला. या वेळी मी उत्तर दिलं नाही. बायबलमधलं प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र काढलं, आठवा ते दहावा अध्याय. मूर्तीला वाहिलेलं खायचं की नाही यावर पौलाने तीन अध्याय खर्च केलेत! कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, म्हणतो. लगेच म्हणतो, कुणी हा नैवेद्य आहे असं सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नको. चार रविवार पोरं भांडली. एकजण म्हणाला, शेजारच्या काकू प्रेमाने देतात, मी खाणार. दुसरी म्हणाली, मला काही वाटत नाही, पण माझ्या आजीला फार लागेल, म्हणून मी नाही खाणार. पौलाचा मुद्दा तिने न शिकवता धरला होता. एकमत झालं नाही. एका वडिलांनी बाहेर मला गाठून विचारलं, "मग शेवटी शिकवलं काय तुम्ही?"

एक नियम मात्र मी वादाला सोडलेला नाही. मुलांशी एकांतात, रात्री व्हॉट्सॲपवर "आध्यात्मिक मार्गदर्शन" करायचं नाही. दोन मोठी माणसं हजर, आईबापांना माहीत. कुणाला राग आला तरी चालेल.

गेल्या डिसेंबरात एका लग्नात ती जुनी मुलगी भेटली. आता पुण्यात नोकरीला आहे. मी तिला म्हटलं, तेव्हा मी तुला नीट उत्तर दिलं नाही गं, चुकलं माझं. ती हसायलाच लागली.

"ताई, मी तर आदल्याच दिवशी खाल्ला होता. दोन. तुम्ही तसं म्हणालात म्हणून मग सांगितलं नाही."