सही झाली म्हणजे डीलर मागेल ते भरायचं, हे साफ खोटं आहे

गाडी घेणाऱ्यांमध्ये एक मजकूर सध्या फिरतो आहे. मला तो तिघांनी पाठवला, आणि त्यांतल्या एका मैत्रिणीने त्यावर विश्वास ठेवून डीलरला जादा पैसे भरूनही टाकले होते. म्हणून हे लिहायला बसले. मजकूर असा आहे:

‘करारावर सही केलीत की विषय संपला. नंतर डीलरने हँडलिंग, प्रोसेसिंग, पेंट प्रोटेक्शन काहीही लावलं तरी भरावंच लागतं, कारण सही तुमची आहे. पटत नसेल तर तीन दिवसांत गाडी परत करायचा हक्क आहे. तो हुकला तर कर्जाचे हप्ते थांबवा, डीलर आपोआप ताळ्यावर येतो. आणि एकदा पैसे भरले की तक्रार करून उपयोग नाही.’

यातलं प्रत्येक विधान चुकीचं आहे. दोन तर लोकांना खड्ड्यात घालणारी आहेत.

‘सही तुमची आहे, म्हणून भरावंच लागतं’

सही बांधून घालते, हे खरंच आहे. इंग्लंडमधला १९३४ चा एक खटला यासाठी नेहमी सांगितला जातो. एका कॅफेवाल्या बाईंनी सिगारेट विकणारं यंत्र घेतलं आणि बारीक अक्षरांतला करार न वाचताच सही केली. यंत्र नीट चालेना. कोर्ट म्हणालं, सही केली आहे, मग वाचलं नव्हतं ही सबब चालणार नाही. पण त्या बाई कशाला बांधल्या गेल्या? त्या कागदावर जे छापलेलं होतं त्याला. कागदावर नसलेली रक्कम त्या सहीच्या जोरावर कोणी मागितली नव्हती.

लोक इथेच चुकतात. करार दोघांचा असतो. तुम्ही ठरलेली किंमत द्यायला बांधील, तसा डीलर ठरलेल्या किमतीत गाडी द्यायला बांधील. १८०९ मध्ये इंग्लंडमध्येच एका जहाजाचं प्रकरण कोर्टात गेलं होतं. प्रवासात दोन खलाशी पळाले, तेव्हा कप्तानाने त्यांचा पगार बाकीच्यांना वाटून द्यायचं कबूल केलं आणि परतल्यावर नकार दिला. निकाल कप्तानाच्या बाजूने लागला: जे काम करायला तुम्ही आधीच बांधील आहात, त्याच कामाचे वरचे पैसे मागता येत नाहीत. पुढच्या निकालांनी या तत्त्वाला थोडी मुरड घातली, पण गाडीच्या व्यवहारात ते आजही डोळे उघडणारं आहे. किल्ली द्यायला डीलर आधीच बांधील आहे. मग किल्ली देताना तो जादा रक्कम कशाबद्दल घेतो?

त्यामुळे जादा आकार समोर आला की एकच विचारायचं: ‘हे करारातल्या कुठल्या ओळीत आहे?’ आवाज चढवायची गरज नाही. फक्त ओळ दाखवायला सांगायची.

माझ्या बहिणीच्या वेळी आम्ही हेच केलं. डिलिव्हरीच्या दिवशी बिलात दोन नव्या रकमा आल्या. एक पेंट प्रोटेक्शनची, दुसरी नोंदणीच्या करातल्या फरकाची. सेल्समनने फाइल उघडून करार पुढे केला, आणि त्यावर ‘पेंट प्रोटेक्शन’ अशी ओळ खरोखरच होती. निळ्या पेनने, छापील चौकटीच्या बाहेर, समासात. बहिणीने पर्समधून आपली प्रत काढून शेजारी ठेवली. तिच्या प्रतीवर त्या जागी कोरा कागद. सही दोन्हींवर एकच, तारीख एकच. सेल्समन काही बोलला नाही, आत जाऊन मॅनेजरला घेऊन आला. त्याच संध्याकाळी आम्ही दोन्ही प्रतींचे फोटो जोडून चार ओळींचं ईमेल पाठवलं, आणि अकराव्या दिवशी ती रक्कम बिलातून निघाली.

दुसरी रक्कम मात्र आम्ही भरली. करारात स्वच्छ लिहिलं होतं की कर प्रत्यक्ष लागेल त्याप्रमाणे घेतला जाईल, आणि सरकारी पावतीवर तोच आकडा होता. हे मुद्दाम सांगते आहे, कारण प्रत्येक जादा रक्कम म्हणजे फसवणूक असं धरून भांडायला गेलं की खऱ्या तक्रारीचंही वजन जातं.

तिसरा प्रकार जास्त अवघड. आकार करारात छापलेला असतो, पण तुम्हाला कोणी विचारलेलं नसतं. चौकटीत खूण आधीच केलेली असते. इथेही हात टेकायचं कारण नाही. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशात याला सरळ उत्तर आहे: मूळ किमतीच्या वरच्या रकमेला ग्राहकाची स्पष्ट संमती हवी. आधीच खूण करून ठेवलेल्या चौकटीतून ती गृहीत धरली असेल, तर ते पैसे परत मागता येतात. भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ अशी वेगळी व्याख्याच आहे. म्हणजे सही असूनही करारातलं एखादं कलम तपासता येतं.

‘तीन दिवसांत गाडी परत करता येते’

हा समज कुठून आला ते कळतं. अमेरिकेत १९७२ चा एक नियम आहे, त्यात सौदा रद्द करायला तीन दिवस मिळतात. पण तो दारावर येऊन माल खपवणाऱ्यांसाठी केलेला आहे. डीलरच्या कायमच्या शोरूममध्ये जाऊन घेतलेली गाडी त्यात येत नाही. युरोपात चौदा दिवस मिळतात, तेही ऑनलाइन, फोनवर किंवा विक्रेत्याच्या दुकानाबाहेर झालेल्या खरेदीला. शोरूममध्ये बसून सही केली असेल, तर तुमच्या करारात किंवा तुमच्या भागातल्या कायद्यात तशी सोय स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका. आणि मुळात वाद एका रकमेचा असताना अख्खी गाडी परत का करायची?

‘हप्ते थांबवा’

हा सल्ला वाचून मला खरोखर राग आला. हप्ता डीलरला जात नाही, कर्ज देणाऱ्या संस्थेला जातो. तो थकला तर डीलरचं काहीच बिघडत नाही. तुमच्यावर दंड लागतो, पत खराब होते आणि शेवटी गाडी उचलून नेली जाऊ शकते. तक्रारदार होता ते तुम्ही थकबाकीदार होऊन बसता.

करायचं उलट. हप्ते वेळेवर भरायचे आणि वादाची लेखी माहिती कर्ज देणाऱ्या संस्थेलाही द्यायची, विशेषतः जादा आकार कर्जाच्या रकमेतच मिसळलेला असेल तर. तसं असलं तर त्या रकमेवर पुढची काही वर्षं व्याजही जातं, हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही. अमेरिकेत १९७६ पासून अशा बहुतेक करारांत एक कलम सक्तीचं आहे. डीलरने जुळवून दिलेलं कर्ज पुढे दुसऱ्या संस्थेकडे गेलं, तरी ग्राहकाला विक्रेत्याविरुद्धची तक्रार त्या संस्थेपुढे मांडता येते. सगळीकडे असं कलम नसतं, पण आपल्या कर्जाच्या कागदांत ते आहे का हे बघायला पाच मिनिटं लागतात.

‘एकदा भरले की गेले’

डिलिव्हरीच्या काउंटरवर माणूस अडलेला असतो. घरचे सोबत आलेले, जुनी गाडी देऊन टाकलेली, आणि समोरचा म्हणतो की हे भरल्याशिवाय किल्ली मिळणार नाही. अशा वेळी भरणं म्हणजे मान्य करणं नव्हे. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, आणि त्याचं ७२ वं कलम सांगतं की चुकीने किंवा जबरदस्तीमुळे दिलेले पैसे घेणाऱ्याने परत करायचे असतात. मात्र जबरदस्ती होती हे नंतर दाखवावं लागतं. म्हणून भरतानाच पावतीच्या तुमच्या आणि त्यांच्या, दोन्ही प्रतींवर ‘हरकत नोंदवून भरले’ एवढं लिहून खाली सही करा. लिहू दिलं नाही, तर दाराबाहेर पडताच तेच शब्द ईमेलने पाठवा. त्यावर पडणारी तारीख आणि वेळ पुढे फार कामाला येते.

दिवस मात्र मोजत राहायला हवेत. भारतात ग्राहक आयोगाकडे जायला साधारण दोन वर्षं मिळतात. इतरत्र मुदती वेगळ्या, काही फार छोट्या.

ज्या मैत्रिणीने पैसे भरून टाकले होते, तिची पावती मी काल पाहिली. जादा रकमेपुढे फक्त ‘इतर’ एवढाच शब्द होता. करारात ‘इतर’ नावाची ओळच नाही. तिने रात्री पत्र लिहिलं: कराराची तारीख, ठरलेली रक्कम, भरलेली रक्कम, फरक, आणि पंधरा दिवसांत परतावा. सोबत कराराची प्रत. आज सकाळी ते पोच घेऊन दिलं, आणि दुसरी प्रत गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक विभागाला गेली.