पाण्यातून गाळलेला धूर

हुक्क्याचा एक संदेश पुन्हा फिरतो आहे: 'पाणी धूर गाळून घेतं, पाकिटावर ० टक्के टार लिहिलेलं असतं, आणि हर्बल फ्लेवर घेतला की काळजीच नाही.'

आधी पाणी. हा दावा जुनाच. अकबराच्या दरबारातले हकीम अबुल फतह गिलानी यांच्या नावावर तो खपवला जातो. (गिलानी वारले १५८९ मध्ये. अकबराच्या दूताने, असद बेगने, विजापूरहून दरबारात तंबाखू आणला तो त्यानंतर.) पाण्याने धूर थंड होतो, थोडं निकोटीनही त्यात उतरतं, एवढं खरं. पण कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू पाण्यात जेमतेम विरघळतो. बुडबुड्यांबरोबर तो वर येतोच. शिवाय घसा खवखवत नाही, म्हणून झुरका जास्त खोल ओढला जातो.

टारचं तर काय सांगावं! टार म्हणजे धुरातला चिकट, काळपट अंश. तो तंबाखूत नसतो, धुरात तयार होतो. पिठाच्या पिशवीवर 'करपलेपणा ० टक्के' छापावं, तसं हे लेबल. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये आधीच्या अभ्यासांचे आकडे एकत्र केले. एका सिगारेटच्या तुलनेत हुक्क्याच्या एका बैठकीत धूर सुमारे १२५ पट, टार २५ पट, कार्बन मोनॉक्साइड १० पट आणि निकोटीन अडीच पट निघालं. त्यामुळे 'एक हुक्का म्हणजे शंभर सिगारेटी' हा उलट बाजूचा संदेशही ढोबळच आहे. धूर शंभरपट, निकोटीन नव्हे. आणि सिगारेट ओढणारा दिवसाला एकावर थोडाच थांबतो?

राहिला हर्बल, म्हणजे बिनतंबाखूचा फ्लेवर. त्यात निकोटीन नसतं, मान्य. पण चिलमीवरचा निखारा तोच, आणि कार्बन मोनॉक्साइड व बेंझिन मुख्यतः त्या निखाऱ्यातूनच येतात. कोळसा नारळाच्या करवंटीचा, 'नैसर्गिक' असला तरी जळताना कार्बन मोनॉक्साइड सोडतोच. फ्लेवरमधली साखर आणि ग्लिसरीन तापलं की फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिन ही विषारी रसायनं तयार होतात ते वेगळंच.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पट घट्टपणे तो हिमोग्लोबिनला चिकटतो. डोकं हलकं होतं, गरगरतं, तेव्हा 'किक बसली' म्हणतात. पुष्कळदा ती मेंदूला ऑक्सिजन कमी पडत असल्याची खूण असते. बेशुद्ध होऊन रुग्णालयात पोहोचलेल्या हुक्केबाजांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. बंद एसी खोलीत शेजारी नुसता बसलेलाही हीच हवा घेतो. मोकळ्या हवेत आल्यावरसुद्धा रक्तातलं या वायूचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात.